कॉल अडखळतोय? आधी रांग कुठे लागते ते शोधा

कोथरूडमध्ये गाणं शिकवणाऱ्या एक ताई आहेत. पहाटे साडेपाचला त्या तानपुरा जुळवून लॅपटॉपसमोर बसतात, कारण तेव्हा न्यू जर्सीत संध्याकाळ असते आणि त्यांची शिष्या कामावरून घरी आलेली असते. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. आलाप चालू असताना स्वर मधेच बुडतो, मग दोन सेकंदांनी चार-पाच स्वर एकदम अंगावर येतात, आणि पलीकडून "ताई, पुन्हा एकदा म्हणता का?" एवढंच ऐकू येतं. त्यांनी ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा करून घेतला होता. तरी काडीचा फरक नव्हता.

दोष सापडायला पंधरा मिनिटं लागली. आदल्या दिवशीच्या शिकवण्यांची रेकॉर्डिंगं पहाटे पाचला आपोआप क्लाउडवर चढायला लागत. त्यांच्या जोडणीला डाउनलोड १०० होतं, पण अपलोड १० च. फाइल त्या दहातून पूर्ण जोराने चढत असताना ताईंच्या आवाजाची पॅकेटं (नेटवरून जाणारे डेटाचे छोटे तुकडे) तिच्यामागे रांगेत ताटकळत. प्लॅन वाढवला तेव्हा फक्त डाउनलोड वाढलं होतं.

असं घर किंवा दहा-वीस माणसांचं ऑफिस तुमच्याकडे असेल, तर पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. आधी रांग शोधायची, मग ती आपल्या ताब्यात आणायची, आणि त्यानंतरच रांगेत कोणी पुढे जायचं ते ठरवायचं. बहुतेक जण शेवटच्या कामापासून सुरुवात करतात. राउटरमधलं 'क्यूओएस'चं, म्हणजे प्राधान्य ठरवण्याचं, बटण चालू करतात, काही बदलत नाही, आणि हा सगळा विषयच बिनकामाचा आहे असं समजून सोडून देतात.

आवाजाला काय लागतं

वेग फार लागत नाही, हे आधी पटवून घ्या. टेलिफोनीतला जुना आणि आजही वापरात असलेला जी.७११ कोडेक (आवाजाचं आकड्यांत रूपांतर करणारी पद्धत) सेकंदाला ६४ किलोबिट आवाज पाठवतो. दर २० मिलिसेकंदांचा तुकडा एका पॅकेटात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि त्यावर आयपी, यूडीपी व आरटीपी या पाठवणीच्या नियमांची मिळून ४० बाइटची वेष्टनं. एकूण ८० केबीपीएस. इथरनेटचं वेष्टन धरलं तर ८७.२. दहा एमबीपीएसच्या अपलोडमध्ये असे शंभरावर कॉल मावतात.

लागतो तो वेळेचा नेमकेपणा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते की एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषणांना त्रास होत नाही. ४०० च्या पुढे जाऊच नये. हा झाला विलंब. दुसरी गोष्ट जिटर, म्हणजे एक पॅकेट ३० मिलिसेकंदांत पोचलं आणि पुढचं ११० मध्ये, हा चढउतार. ऐकणाऱ्याकडचं ॲप तो झाकायला थोडी पॅकेटं साठवून ठेवतं, पण साठा वाढवला की विलंबही वाढतो. तिसरी गोष्ट गळती. फाइलचं पॅकेट हरवलं तर ते पुन्हा मागवता येतं. आवाजाचं पॅकेट उशिरा आलं तर ते हरवल्यातच जमा, कारण त्याचा क्षण निघून गेलेला असतो.

ताईंना मी हे लयीत सांगितलं. मिनिटाला १२० मात्रांची तीनतालाची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. १५० मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा मात्रा. बोलताना तो कळत नाही, समेवर मात्र लगेच कळतो. पुणे ते न्यू जर्सी सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाण्यालाच किमान ६२ मिलिसेकंद, आणि समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. त्यामुळे गुरूने म्हणावं आणि शिष्येने मागून म्हणावं, हे छान जमतं. दोघींनी एकत्र ठेक्यावर गाणं जमणार नाही. तो वेळ निसर्गाचा आहे, कोणताही राउटर तो वाचवू शकत नाही. आपल्याच घरात रांगेत जाणारा वेळ मात्र वाचवता येतो, आणि अनेकदा तोच सगळ्यांत मोठा निघतो.

पहिली पायरी: रांग शोधा

लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. वाय-फाय बंद करा. इथे आळस केलात तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद ठरतील. आता तीन ठिकाणी पिंग करायचं आहे, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजायचं आहे: तुमच्या राउटरला (बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), मग सेवादात्याच्या पहिल्या राउटरला (मार्ग दाखवणारी ट्रेसरूट आज्ञा दिली की यादीत दुसरा किंवा तिसरा दिसतो), आणि मग बाहेर कुठेतरी, उदाहरणार्थ १.१.१.१ ला. विंडोजमध्ये पिंग चारदा होऊन थांबतं. ते सतत चालू राहावं यासाठी पत्त्याआधी डॅश आणि टी हे अक्षर लावा.

दोन मिनिटं घरात काहीही चालू नसताना आकडे बघा आणि कागदावर लिहा. मग एखादी दोन-चार जीबीची फाइल क्लाउडवर चढवायला लावा आणि पिंग चालूच ठेवा. ताईंकडे बाहेरचं पिंग रिकाम्या वेळी ९ मिलिसेकंद होतं. अपलोड सुरू झाल्यावर दहा सेकंदांत ते ४०० च्या पुढे गेलं आणि तिथेच बसलं. राउटरचं पिंग मात्र १ वरच होतं. म्हणजे रांग घरातल्या तारेत नव्हती, बाहेर जाणाऱ्या तोंडाशी होती.

ही रांग इतकी मोठी का होते? मोडेम आणि राउटर बनवणारे पॅकेट गळू नये म्हणून भरपूर साठवण देतात. १० एमबीपीएसच्या तोंडाशी ५०० केबीचा साठा भरला तर तो रिकामा व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात, हिशेब सरळ आहे. फाइली पोचवणाऱ्या टीसीपी या नियमाचा स्वभाव असा की पॅकेट गळेपर्यंत तो वेग वाढवत जातो. गळत नाही तोवर त्याला वाटतं, अजून जागा आहे. म्हणून एकटी फाइल सगळा साठा भरून टाकते आणि भरलेलाच ठेवते. या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हणतात. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी स्वतःच्या घरच्या जोडणीवर ते पाहिलं आणि त्याकडे जगाचं लक्ष वेधलं. स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यात ते दिसत नाही, कारण तो आकडा एका सेकंदात किती बिट गेले एवढंच सांगतो. एका सेवादात्याच्या मदतकक्षाने ताईंना स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागवून 'लाइन उत्तम आहे' असं कळवलं होतं. लाइन खरंच उत्तम होती!

मोजमाप रात्री नऊच्या सुमारास पुन्हा करा. रिकाम्या घरातसुद्धा तेव्हा सेवादात्याच्या पहिल्या राउटरपासून पुढे आकडे चढत असतील, तर रांग त्याच्याकडे लागते आहे. त्यावर तुमच्या राउटरमधल्या कोणत्याही सेटिंगचा इलाज नाही. सात दिवसांचे आकडे लिहून तक्रार करा, नाही तर सेवादाता बदला.

दुसरी पायरी: वाय-फाय वेगळं काढा

आता केबल काढा, वाय-फायवर या आणि फक्त स्वतःच्या राउटरला पिंग करा. जिथे बसून कॉल घेता तिथूनच. २ ते ५ मिलिसेकंदांच्या आसपास राहिलं तर ठीक. मधेच ८०, मग १५०, मग ३ असं उड्या मारत असेल, तर तुमची रांग हवेत आहे. (एकाच वेळी एकच जण बोलू शकतो, असं हे माध्यम आहे, शेजारच्या बारा फ्लॅटमधले राउटरही त्याच चर्चेत सामील असतात.)

कोथरूड, वारज्याच्या सोसायट्यांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा खच्चून भरलेला असतो. तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. कॉलचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. त्यातही ३६ ते ४८ ही चॅनेलं निवडा. मधल्या काही चॅनेलांवर रडार आढळलं तर राउटरला नियमाने चॅनेल सोडावं लागतं आणि कॉल तेवढ्यापुरता तुटतो. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपलीकडे मात्र ५ गिगाहर्ट्झ पोचणार नाही. तिथे माझा सल्ला एकच: केबल ओढा. पंधरा मीटर कॅट-६ केबल कोणत्याही महागड्या मेश संचापेक्षा आवाजाला जास्त उपयोगी पडते.

राउटरमध्ये डब्ल्यूएमएम नावाचं सेटिंग असतं, ते बंद करू नका. त्यामुळे हवेतल्या पॅकेटांचे आवाज, व्हिडिओ, सर्वसाधारण आणि मागे राहिलं तरी चालेल असे चार गट पडतात.

तिसरी पायरी: रांग आपल्या दारात आणा

सगळ्यात जास्त फायदा या पायरीत आहे, म्हणून इथे घाई करू नका.

चांदणी चौकात कोंडी झालेली असताना कर्वे पुतळ्यापाशी रुग्णवाहिकेला वाट करून दिली तर तिचा काही वेळ वाचत नाही. तुमच्या राउटरमधलं प्राधान्य असंच वाया जातं, कारण रांग राउटरमध्ये नसतेच, पुढच्या मोडेममध्ये असते. राउटर मोडेमला एक गिगाबिटने पॅकेटं देतो, त्याच्याकडे कोणी थांबतच नाही, मग तो प्राधान्य देणार कोणाला?

उपाय असा: राउटरला सांगायचं की बाहेर सोडताना खऱ्या वेगापेक्षा थोडं कमीच सोड. खरं अपलोड १० असेल तर ९ किंवा ९.५. आता सगळ्यांत अरुंद जागा तुमचा राउटर झाला, मोडेमचा साठा रिकामा राहिला, आणि रांग तुमच्या ताब्यात आली. पाच-दहा टक्के वेग सोडून द्यायला लोक फार कां-कू करतात. तो सोडून मिळतं काय ते पुढच्या मोजमापात स्वतः बघा.

रांग ताब्यात आल्यावर ती नीट चालवायला चांगली तजवीज हवी. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली. ती रांगेची लांबी बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघते. थांबण्याचा वेळ १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत एकदाही ५ मिलिसेकंदांखाली आला नाही, तर ती एखादं पॅकेट टाकून देते, आणि टीसीपीला वेग कमी करण्याची खूण पटते. एफक्यू-कोडेल त्यात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते. थोडी थोडी पॅकेटं पाठवणाऱ्याला, म्हणजे नेमकं आवाजाच्या कॉलला, आपोआप पुढे घेते. केक ही त्यापुढची पायरी, वेगाची मर्यादाही तिच्यातच लावता येते.

हे करायला ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चालणारा राउटर घ्या, किंवा मायक्रोटिकचा घ्या. त्याच्या राउटरओएस ७ या प्रणालीत एफक्यू-कोडेल आणि केक दोन्ही आहेत. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एसक्यूएम हे रांग सांभाळणारं पॅकेज बसवा, बाहेरच्या जोडणीचा इंटरफेस निवडा, रांगेसाठी केक आणि स्क्रिप्टसाठी 'पीस ऑफ केक' निवडा. अपलोडला मोजलेल्या वेगाच्या ९० ते ९५ टक्के लिहा, डाउनलोडला ८५ ते ९०. प्लॅनवर छापलेला आकडा लिहू नका, केबलवर मोजलेला लिहा. पॅकेटावरच्या वेष्टनांसाठी 'ओव्हरहेड' विचारतात, तिथे फायबरला ४४ हा सावध आकडा चालतो.

डाउनलोडला जास्त जागा का सोडायची? येणाऱ्या पॅकेटांची रांग सेवादात्याच्या टोकाला असते. आपण इथे पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला सबुरीने घ्यायला लावतो, पण ती खूण त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात वरची रांग भरू नये म्हणून ही मोकळीक.

एक अडचण बऱ्याच जणांना येते. स्वस्त राउटरमध्ये गिगाबिटचा वेग एका खास चिपच्या जोरावर मिळतो, आणि एसक्यूएम लावलं की ती चिप बाजूला राहून सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. ३०० एमबीपीएसची लाइन १२० वर आली तर घाबरू नका, प्रोसेसर कमी पडतो आहे. अशा वेळी फक्त अपलोडला मर्यादा लावून बघा.

सेवादात्याचा फायबरचा डबा स्वतःच राउटरचं काम करत असेल, तर त्याला ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा, म्हणजे तो राउटरचं काम सोडून पॅकेटं फक्त पुढे देईल. तयार नसतील तर तुमचा राउटर त्याच्या मागे लावा आणि घरातली सगळी उपकरणं तुमच्याच राउटरवर घ्या. एखादा टीव्ही त्या डब्याच्या वाय-फायवर राहिला तर तो तुमच्या रांगेला वळसा घालून जातो.

झाल्यावर पहिल्या पायरीतलं मोजमाप पुन्हा. ताईंकडे रेकॉर्डिंग चढत असताना पिंग १४ वर स्थिरावलं.

चौथी पायरी: खुणा

घर असेल तर बहुधा तुम्ही इथे थांबू शकता. ऑफिसमध्ये वीस कॉल, बॅकअप, ईआरपी सगळं एकाच लाइनवर असतं; तिथे पॅकेटांवर खुणा कराव्या लागतात. आयपीच्या वेष्टनात सहा बिटांची डीएससीपी नावाची जागा आहे, १९९८ मध्ये ठरलेली. आवाजासाठी ४६ (या खुणेचं नाव ईएफ). व्हिडिओ कॉलसाठी ३४. बॅकअपसारख्या मागे राहिलं तरी चालणाऱ्या कामासाठी ८.

मायक्रोसॉफ्ट टीम्स वापरत असाल तर आवाजासाठी ५०००० ते ५००१९, व्हिडिओसाठी ५००२० ते ५००३९ आणि स्क्रीन दाखवण्यासाठी ५००४० ते ५००५९ हे पोर्ट ठरवून देता येतात, आणि विंडोजच्या ग्रुप पॉलिसीतून त्यांना अनुक्रमे ४६, ३४ आणि १८ या खुणा लावता येतात. कुठल्याही लॅपटॉपने आपणहून लावलेली ४६ ही खूण मानू नका. स्विचवर ती पुसा आणि तुमच्या नियमाने पुन्हा लावा.

वाय-फायवर इथे नवख्यांची फसगत होते. अनेक ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारे डबे) डीएससीपीचे फक्त पहिले तीन बिट बघतात. ४६ म्हणजे १०१११०, पहिले तीन १०१, म्हणजे ५, आणि पाच क्रमांक जातो व्हिडिओच्या गटात. आवाज आवाजाच्या गटात जात नाही! ॲक्सेस पॉइंटमध्ये ४६ ला आवाजाच्या गटातल्या ६ शी जोडण्याची सोय असेल तर तसं करा.

आणि या खुणा तुमच्या दाराबाहेर चालतील अशी अपेक्षा धरू नका. सार्वजनिक इंटरनेटवर वाटेतले सेवादाते त्या पुसतात किंवा दुर्लक्षित करतात.

पाचवी पायरी: खरी हमी हवी असेल तर

इथवर जे केलं ती उत्तम व्यवस्था आहे, हमी नाही. हमीची पहिली अट अशी की कधीतरी कोणाला तरी 'नाही' म्हणता आलं पाहिजे.

१९९७ मध्ये आलेली आरएसव्हीपी पद्धत वाटेतल्या प्रत्येक राउटरकडून आधीच जागा राखून घेते. पुण्यात २००६ मध्ये सुरू झालेल्या बीआरटीसारखं, बससाठी वेगळा पट्टा. कल्पना चोख होती, पण लाखो कॉलची नोंद मधल्या प्रत्येक राउटरने ठेवायची हे इंटरनेटच्या आकाराला पेललं नाही. म्हणून नोंद न ठेवता खुणा बघून गट पाडणारी पद्धत रुजली.

समजा चाकणच्या कारखान्यातून तुमच्या मुख्य ऑफिसला सेवादात्याकडून एमपीएलएस जोडणी (सेवादात्याच्या स्वतःच्या जाळ्यातली खासगी वाट) घेतली आहे. अशा जोडणीवर तुमच्या खुणा मान्य करणारे वर्ग करारात घेता येतात. करारात तीन आकडे लिहून घ्या: विलंब, जिटर, गळती. आवाजाच्या वर्गाला किती एमबीपीएस आणि त्यापुढच्या पॅकेटांचं काय होणार, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी ती टाकून दिली जातात. लीज्ड लाइनच्या कागदावरची ९९.५ टक्के 'अपटाइम' ही ओळ आवाजाची हमी नव्हे, लाइन चालू असल्याची आहे.

आता कॉल मोजा. आवाजाला १ एमबीपीएस मिळाले असतील तर ८७.२ च्या हिशेबाने अकरा कॉल मावतात. बारावा आत घेतला तर एकटा बारावा बिघडत नाही, बाराही बिघडतात, कारण पॅकेटं टाकणारा नियम कॉल ओळखत नाही. म्हणून टेलिफोन यंत्रणेतच एकाच वेळी दहाची मर्यादा लावा, अकराव्याला व्यग्र असल्याचा स्वर ऐकू द्या. विसर्जनाच्या गर्दीत लक्ष्मी रस्त्यावरून रुग्णवाहिका निघते तेव्हा माणसं बाजूला होतात आणि ती जाते. एकामागोमाग पन्नास आल्या तर त्यांचीच कोंडी होईल. याच कारणाने कडक प्राधान्याच्या रांगेला लाइनचा तिसरा हिस्सा, ३३ टक्के, एवढीच जागा द्यायची असा सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीचा जुना संकेत आहे. मी तो पाळतो.

लाइन किती भरायची यालाही मर्यादा आहे. रांगेच्या सर्वांत साध्या गणितात लाइन ५० टक्के भरली की पॅकेटाला रिकाम्या लाइनच्या दुप्पट वेळ लागतो, ९० टक्के भरली की दहापट.

शेवटची तपासणी, नेटवर्कच्या बाहेरची

रांग गेली तरी ताईंची तक्रार राहिली: तानपुरा पलीकडे ऐकूच जात नाही. तो दोष नेटवर्कचा नव्हता. झूम सतत चालणारा एकसारखा नाद पंख्याची घरघर समजून गाळून टाकतो. 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू केलं आणि तानपुरा परत आला. ब्लूटूथ हेडफोनही तपासा. अनेकांत १०० ते २०० मिलिसेकंद तिथेच जातात, त्यामुळे शिकवताना तारेचे वापरा.

गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणं पुणेकरांना नवं नाही. फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात. लेबल बघून छोटा डीसी यूपीएस लावा, आणि दोघांनाही लावा. मोबाइल हॉटस्पॉटवर गेलात तर एसक्यूएमचा ठरलेला आकडा कामाचा नाही, कारण तिथला वेग दर मिनिटाला बदलतो. तेव्हा बॅकअप थांबवा आणि व्हिडिओ बंद करून आवाजावर काम चालवा.

मोजलेले वेग, लावलेल्या मर्यादा आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून राउटरच्या तळाला चिकटवा. पुढे प्लॅन ३०० चा झाला तरी एसक्यूएम जुन्याच आकड्यावर अडवून धरेल, आणि तेव्हा घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ती चिठ्ठी वाचून दोन आकडे बदलता आले पाहिजेत.